जीभ वर

हॅनाबाई आमच्या शाळेत आल्या त्या दिवशी त्यांनी पहिला धडा मुलांना नाही, हेडसरांना दिला.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी पेणच्या त्या शाळेत शास्त्र शिकवायला नवीन होते. शिक्षकखोलीत हेडसर ओळख करून देत होते. "या आपल्या कंपाउंडरबाई. इथल्याच सरकारी दवाखान्यातून रिटायर झाल्या, आता रोह्याला असतात. दर शुक्रवारी येऊन आठवी-नववीला औषधं आणि व्यसनं यांवर एक तास घेतील. विनामोबदला." शेवटचा शब्द त्यांनी जरा मोठ्यानं उच्चारला. बाईंचं लक्ष नव्हतं. त्या सरांच्या टेबलावर कागदात ठेवलेल्या गोळीकडे बघत होत्या.

"ही कसली?"

"ब्लडप्रेशरची. घेतो नंतर."

"नंतरला वेळ असते. किती वाजता?"

हेडसरांनी निमूटपणे गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायले.

"जीभ वर," बाई म्हणाल्या.

"बाई, अहो, स्टाफ बसलाय..."

"जीभ वर करा."

ज्यांच्या चपलांचा आवाज आला की अख्खा मजला गप्प होत असे, त्या आमच्या हेडसरांनी जीभ वर केली. गोळी खालीच होती.

नंतर कळलं की सर दहा वर्षांचे असताना बाई दवाखान्यात नव्यानं लागल्या होत्या, आणि जंताचं औषध गालात धरून बाहेर कण्हेरीच्या झाडाखाली थुंकणारी जी मुलं त्यांनी पकडली, त्यांत सर पहिले. तेव्हापासून औषध दिलं की जीभ बघायची, हा बाईंचा नियम. लहान-मोठा, गरीब-श्रीमंत, सरपंच-तलाठी, कुणालाही सूट नाही. बाईंना नाही म्हणणं सरांना का जमलं नाही, हे मला तेव्हा समजलं.

बाई ठेंगण्या होत्या, नऊवारी नेसत, चष्मा काळ्या दोरीनं गळ्यात अडकवलेला. कोकणातल्या ज्यूंपैकी. पूर्वी आमच्याकडे गावोगावी त्यांची घरं होती. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून शनवारतेली म्हणत त्यांना. आता बहुतेक जण इस्रायलला गेले. बाईंची मुलगीही तिकडेच. बाई मात्र रोह्याला नदीपलीकडच्या अष्टमी गावाच्या बाजूला एकट्या राहत आणि "तिकडे कोण मला कंपाउंडर म्हणणार?" असं म्हणून विषय संपवत.

दर शुक्रवारी त्या रोह्याहून गाडीनं यायच्या. निडी, नागोठणे, कासू करत पेण. दुपारचा तास घ्यायच्या, मी मदतीला वर्गात असे, आणि चारच्या सुमाराची गाडी पकडून परत. ती गाडी चुकवायची नाही, कारण शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरी पोचून दिवा लावायचा, मग शनिवार संध्याकाळपर्यंत प्रवास नाही, काम नाही. शाळेबाहेर रिक्षा आधीच सांगून ठेवलेली असे. रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला की बाईंचं वाक्य जिथं असेल तिथं थांबायचं. या सवयीची मला तेव्हा गंमत वाटे.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी प्रत्येकानं घरातला औषधांचा डबा आणायचा. बिस्किटांचा, पावडरचा, श्रीखंडाचा, ज्यात काय ठेवत असतील तो. बाई टेबलावर मेणकापड पसरायच्या, डबा त्यावर उपडा करायच्या आणि एकेक वस्तू उचलून तीन प्रश्न विचारायच्या. "कुणासाठी? किती दिवस? कुणी सांगितलं?" तिन्हींची उत्तरं आली तर वस्तू डब्यात परत. एक जरी अडलं तर बाजूच्या पातेल्यात. पहिल्याच दिवशी पातेलं भरलं. पाच दिवसांच्या औषधातल्या तीन दिवसांनी बरं वाटलं म्हणून शिल्लक ठेवलेल्या कॅप्सुली. शेजारणीला लागू पडली म्हणून मागून आणलेली गोळी. बैलाचं मलम. एका डब्यात तर वारलेल्या आजोबांची हृदयाची औषधं निघाली. "महाग होती, टाकवंना," असं नातवाचं उत्तर.

"औषध म्हणजे पाहुणा," बाई म्हणायच्या. "बोलावल्याशिवाय घरात घेऊ नये, आणि काम झालं की राहा म्हणू नये."

एकदा एका डब्यातून कुटुंबनियोजनाच्या गोळ्या निघाल्या. मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली. मी घाबरले. बाईंनी पाकीट उचललं, तारीख बघितली, "कुणासाठी, आईसाठी. किती दिवस, रोज. कुणी सांगितलं, नर्सनं. उत्तम," असं म्हणून डब्यात टाकलं आणि पुढचा डबा घेतला. खुसखुस करायला कुणाला फटच मिळाली नाही.

मुलंही काही कमी नव्हती. एकानं विचारलं, "बाई, खोकल्याच्या औषधाची सगळी बाटली एकदम प्यायली तर?"

"हे कोण विचारतंय, तुझा खोकला की तू?"

वर्ग हसला. तो नाही हसला. तास संपल्यावर बाईंनी त्याला खिडकीपाशी दहा मिनिटं उभं केलं. काय बोलणं झालं ते मला कधी सांगितलं नाही. पण त्या आठवड्यात नाक्यावरच्या औषधवाल्याकडे त्या स्वतः गेल्या आणि चिठ्ठीशिवाय ते औषध कुणाकुणाला दिलं, हे त्याच्या काउंटरसमोर उभं राहून, गिऱ्हाईकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारत राहिल्या. त्यानं शेवटी बाईंना स्टूल दिलं, चहा मागवला आणि शपथ घेतली.

नशा म्हणजे दारू आणि नशा म्हणजे बाप्ये, अशी सगळ्या वर्गाची समजूत. बाईंनी विचारलं, "घरात मिश्री कोण लावतं?" एक हात वर झाला, मग दोन, मग जवळजवळ सगळे. आई, आजी, आत्या.

"ती नशा नाय बाई," एक मुलगा म्हणाला. "ते दात घासनं हाय."

"असं? मग आईला सांग, उद्या सकाळी घासू नको. दुपारपर्यंत काय होतं ते वहीत लिहून आण."

पुढच्या शुक्रवारी वह्या आल्या. 'आईचे डोके दुखले.' 'आई भाकऱ्या थापताना रडली, कारण माहीत नाही.' 'आईने मला मारले.' एकीनं लिहिलं होतं, 'आजी म्हणाली, त्या बाईला विचार तिला सासू होती का.'

बाई शेवटच्या वहीवर खूश. "आजीला म्हणावं, होती. तपकीर ओढायची."

आणि ते सरबत. एकदा त्यांच्या पिशवीतली काळसर लाल बाटली मुलांनी पाहिली. दुसऱ्या शुक्रवारी नववीतला एक धीट मुलगा उभा राहिला. "बाई, तुमच्यात दर शुक्रवारी दारू घेतात ना? माझे बाबा बोल्ले."

माझ्या हातातला खडू थांबला. बाईंनी बाटली काढली, पेल्यात थोडं ओतून त्याच्यापुढे धरलं. "घे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. त्यानं घेतलं.

"कसं आहे?"

"गोड."

"चढली?"

"नाय."

"काळ्या मनुका भिजवायच्या, पिळायच्या, गाळायचं. आम्ही शुक्रवारी यावर प्रार्थना म्हणतो. बाबांना पण आण एकदा." मग त्यांनी उरलेली बाटली बूच घट्ट लावून माझ्याकडे दिली. "प्रयोगशाळेत ठेवा. आठवडाभर हात लावू नका."

दिवस उन्हाळ्याचे. पुढच्या शुक्रवारी बाईंनी बूच जरा हलवलं मात्र, ते फट्‌कन उडून पंख्याला लागलं. फेस टेबलावर आला आणि आंबूस वास वर्गभर पसरला. मुलं बाकांवर चढली.

"तीच मनुका, तेच पाणी," बाई म्हणाल्या. "मी आत काही घातलं नाही. दारू बाहेरून येते असं समजू नका. लक्ष नसलं की घरातल्या घरात होते."

हे वाक्य मी पुढे वीस वर्षं माझं म्हणून वापरलं.

आता सुगंधाची गोष्ट. ही आठवीतली मुलगी खाडीकाठच्या खारेपाटातली. वडील धर्मा मिठागरावर कामाला, आई यमुना मासळी विकणारी. मुलगी हुशार नव्हती, पण ऐकलेलं विसरत नसे. एका शुक्रवारी, परीक्षा जवळ आलेली, तास संपता संपता तिनं विचारलं, "बाई, दारू सोडवायचं औषद असतं?"

"असतं. ते पोटात असलं आणि वर दारू प्यायली, की माणूस असा आजारी पडतो की पुन्हा ग्लासाकडे बघायचं नाव नाही. पण..."

बाहेर भोंगा वाजला.

"पुढचं पुढच्या शुक्रवारी," म्हणून बाई निघाल्या. पुढचे तीन शुक्रवार परीक्षांत गेले, त्याच्या पुढचा सुट्टीत. ते 'पण' तसंच राहिलं.

परीक्षा संपल्यावर एप्रिलात डब्यांचा शुक्रवार आला. सुगंधाचा डबा उपडा केला तेव्हा त्यातून बाम, डोकेदुखीच्या दोन गोळ्या आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या दहा-बारा पुड्या निघाल्या. नाव नाही, काही नाही. बाईंनी एक उघडली. पांढरी पूड.

"कुणासाठी?"

"बाबांसाठी."

"किती दिवस?"

"म्हैना झाला."

"कुणी सांगितलं?"

सुगंधा खाली बघत म्हणाली, "तुमीच."

बाईंचा चष्मा नाकावर होता तो त्यांनी काढला. वर्गाला मैदानात पाठवलं आणि मुलीला जवळ बसवून घेतलं. हळूहळू बाहेर आलं. सुगंधानं आईला सांगितलं की असं औषध असतं. बाजारात एक माणूस बसायचा, 'न सांगता दारू सोडवा' अशी पाटी लावून. आईनं त्याच्याकडून पुड्या आणल्या आणि रोज कालवणात घालत गेली.

"बाबांना ठाऊक आहे?"

"नाय."

"मग प्यायल्यावर काय होतं त्यांना?"

"तोंड लाल होतं. ओकतात. छाती धडधडते म्हनून बसून ऱ्हातात. परवा बांधावर पडले, दोघांनी उचलून आनला. सगले बोलतात देव कोपला." मग तिनं हळूच विचारलं, "आता सुटंल ना बाई?"

बाहेर भोंगा वाजला. "बाई, तुमची गाडी," मी म्हणाले.

"जाऊ दे गाडी," बाई म्हणाल्या. हे मी त्यांच्या तोंडून तेव्हाच ऐकलं, आधी नाही आणि नंतरही नाही.

त्याच रिक्षानं आम्ही तिघी निघालो. रस्ता संपला तिथून बांधावरून चालत. बाई वाटभर एकच सांगत होत्या, त्यातलं अर्धं मला, अर्धं स्वतःला. पुडीत काय आहे कुणाला माहीत. ते खरं औषध असलं तरी डॉक्टरनं तपासून द्यायचं असतं, घेणाऱ्याला सांगून, त्यानं हो म्हटल्यावर. न सांगता दिलं आणि तो नेहमीसारखा प्यायला, तर एखाद्या दिवशी छाती धडधडायचीच थांबेल. आणि सांगितलं तर यमुनाची काय गत होईल, हे मला विचारायची गरज नव्हती. बांधावर भेटलेल्या बायकांनी आपण होऊन सांगितलं की धर्माचा हात लवकर सुटतो.

धर्मा नुकताच मिठागरावरून आला होता. पाय मिठानं पांढरे. संध्याकाळच्या गुत्त्याच्या फेरीवर निघायच्या बेतात ओटीवर बसला होता. कंपाउंडरबाईंना बघून उठला. पेण भागात त्यांच्या हातचं औषध न घेतलेला माणूस सापडणं कठीण.

"बाय, तुमी? पोरीनं काय केला?"

"पोरीनं काही नाही. धर्मा, गेला महिनाभर प्यायलास की छातीत धडधडतं तुझ्या?"

"व्हय." तो चपापला. "देवाचा कोप हाय बोलतात."

"देवाचा नाही, माझा," बाई म्हणाल्या आणि ओटीवर बसल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही फिरवलं नाही. फक्त क्रम आपला लावला. मी शाळेत अर्धं सांगितलं, म्हणून पोरीनं अर्धं ऐकलं, म्हणून तुझ्या बायकोनं पुड्या आणल्या. चूक पहिल्यापासून मोजायची, शेवटापासून नाही.

धर्मा ऐकत होता. पुडीचं नाव निघालं तेव्हा त्यानं मान वळवून दारात उभ्या यमुनाकडे बघितलं. मग उठला.

"तिच्याकडे नंतर बघ," बाई म्हणाल्या. त्या उठून दारासमोर उभ्या राहिल्या. त्याच्या छातीएवढ्या होत्या. "आधी माझ्याकडे बघ. शिव्या द्यायच्या तर मला दे. मला पेन्शन आहे, दुसरं काम नाही, ऐकत बसेन."

"माज्या ताटात?" धर्मा ओरडला. "माज्या घरात, माज्या ताटात, मना न इचारता?"

"आनि तू?" यमुना आतूनच म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "तू रोज तोंडात काय घालतस, ते मना इचारून घालतस?"

सुगंधा माझ्या पदराला धरून उभी होती. धर्मा उभाच राहिला, मग ओटीच्या कडेवर बसला आणि पायावरचं मीठ नखानं खरवडू लागला.

बाईंनी संधी सोडली नाही. "आज घ्यायची नाही. पुढचे पंधरा दिवस थेंब नाही, पुड्या बंद झाल्या तरी नाही, अंगात राहतं ते. उद्या सकाळी दवाखान्यात ये, छाती तपासून घे. आलास तर आलास. नाही आलास तर मी पुन्हा इथं येईन, आणि रोज येईन."

"रोज?" धर्मानं विचारलं. मला वाटतं, तो त्या धमकीलाच घाबरला. निघताना बाईंनी शेजारच्या म्हातारीला, धर्माच्या मोठ्या बहिणीला, बोलावून यमुनाला आणि पोरीला रात्रीपुरतं तिच्याकडे झोपायला सांगितलं. माणसावर विश्वास ठेवायचा, पण बंदोबस्त करून, ही त्यांची रीत.

परत येताना सूर्य बुडाला. रोहा राहिलं. बाई माझ्या खोलीवर आल्या. मी दिवा लावू का विचारलं. "आमचा नको, त्याची वेळ गेली," त्या म्हणाल्या. "तुझा लाव, अंधारात भात कसा खाणार?" जेवताना एकदाच बोलल्या. "मी अर्धी गोळी दिली, मास्तरीणबाई. अर्धी गोळी न दिलेल्यापेक्षा वाईट."

शनिवारी सकाळी त्या दवाखान्यात माझ्याबरोबर चालत आल्या आणि बाकावर हाताची घडी घालून बसल्या. तिथल्या नर्सनं विचारलं, "बाई, आज शनिवार, तुम्ही कशा?"

"मी काम करत नाहीये. बसले आहे."

दहा वाजता धर्मा आला. रात्रभर जेवला नव्हता. घरचं खायची भीती आणि बाहेरचं प्यायची भीती. डॉक्टरांनी तपासलं, वाचलास म्हणाले, पुड्या ठेवून घेतल्या. यमुनाला त्यानं त्या रात्री हात लावला नाही. पण पुढे चार दिवस तो बहिणीकडे जेवला, आणि यमुनानंही त्याला बोलावलं नाही.

तीन आठवड्यांनी, सुट्टी लागायच्या आधीच्या शुक्रवारी, तो शाळेच्या फाटकाशी उभा दिसला. बाईंना म्हणाला, "बाय, ती गोली... मीच माज्या हातानं घेतली तर?"

बाईंनी त्याला डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या, खरी गोळी सुरू झाली. रोज सकाळी, बायकोच्या आणि पोरीच्या समोर. सुगंधाला बाईंनी काम नेमून दिलं, "जीभ बघायची." पुढच्या वर्षी आठवीचा नवा वर्ग आला तेव्हा बाईंनी त्या औषधाचा धडा पहिल्याच तासाला घेतला आणि सुरुवात 'पण'पासून केली. रिक्षावाल्याला सांगितलं, भोंगा वाजवायचा नाही, आत येऊन उभं राहायचं.

धर्मा एकदम सुधारला वगैरे नाही. होळीला घसरला, मग भावाच्या लग्नात घसरला. प्रत्येक वेळी काही दिवस दडून बसायचा आणि मग स्वतःच दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायचा. सुगंधाही फार्मसिस्ट झाली नाही; शिवण शिकली, नागोठण्याला दिली. असल्या गोष्टींचा शेवट लोकांना गोड हवा असतो. माझ्याकडे एवढाच आहे.

दशक संपता संपता बाईंचे गुडघे गेले आणि मुलीनं हट्ट धरला. सामान आधीच गेलं होतं. बाई रोह्याहून गाडीनं मुंबईला निघाल्या तेव्हा मी पेणच्या फलाटावर गेले. गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. हेडसर आले होते, तेव्हा रिटायर झालेले. धर्मा आला होता, धुतलेला सदरा घालून.

बाई खिडकीत होत्या. चष्मा दोरीला. मला म्हणाल्या, "पातेलं तुझ्याकडे आहे ना? ते शाळेचं नाही, माझं आहे. वापर." हेडसरांना विचारलं, "गोळी?" हेडसरांनी तोंड उघडून, न सांगता, जीभ वर केली.

मग त्यांनी धर्माकडे बघितलं. "किती दिवस?"

"आठ म्हैने, बाय." त्यानं खिशातून गोळी काढली. "आजची ठेवली. तुमच्या म्होरं घ्यावी म्हनून." त्यानं ती तोंडात टाकली आणि फलाटावरच्या नळाचं पाणी ओंजळीनं प्यायला.

शिट्टी झाली. बाईंनी डोळे पुसले असं हेडसर नंतर सांगत असत. मी शेजारीच होते, त्या चष्मा पुसत होत्या.

"जीभ वर," त्या म्हणाल्या.

धर्मानं सगळ्या फलाटासमोर तोंड उघडून जीभ वर केली. गाडी हलली. बाई खिडकीतून वाकून बघत होत्या, मग त्यांनी मान हलवली, ठीक आहे अशी. पण धर्माच्या आणि त्यांच्या मध्ये तोवर एक हमाल आला होता, धर्माला ती मान दिसली नाही. शेवटचा डबा गेला, फलाट मोकळा झाला, तरी तो तसाच उभा होता, तोंड उघडं, जीभ वर.

"झालं," मी म्हणाले. "बघितली त्यांनी."

तेव्हा कुठे त्यानं तोंड मिटलं.